कारखान्यातली ओटी

बेळगाव परिसरातल्या घरांत काही शब्द असे आहेत की ते मराठी की कन्नड, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. पगार, हजेरी, सुट्टी हे शब्द दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने तसेच चालतात. त्यांच्या रांगेत 'ओटी' हा शब्दही कधीचा जाऊन बसला आहे. 'आज ओटी आहे, जेवायला थांबू नका' हा निरोप उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतून रोज शेकडो घरी जातो. कुणाच्या घरी तो मराठीत येतो, कुणाच्या घरी कन्नडमध्ये. अर्थ एकच, माणूस उशिरा येणार.

माझ्या सासूबाई या शब्दावर नेहमी हसतात. "ओटी भरायची ती सवाष्णीची. चैत्रात भरावी, श्रावणात भरावी. ही कसली बाई रोजची ओटी?" माझी धाकटी जाऊ बैलहोंगलकडची, माहेरची कन्नड. तिच्याकडे ओटी भरण्याला 'उडी तुंबणे' म्हणतात. ती सासूबाईंना म्हणते, "अव्वा, ही ओटी मालकाची भरते, आमची नाही." घरात हशा पिकतो. पण त्या हसण्यातला खरेपणा आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

मी इथल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. कामगार कायद्यांचा पाठ अभ्यासक्रमात आहे आणि तो मी कित्येक वर्षे शिकवत आले आहे. माझे धाकटे दीर एका खासगी मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतात. म्हणजे जो कायदा मी सकाळी फळ्यावर लिहिते, त्याचे काय होते हे संध्याकाळी घरी कळते. ते ऐकून मुलांना आणखी नीट शिकवता येते, हा त्यातला माझा फायदा.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरे असतात, एक मराठी आणि एक कन्नड. मराठी कॅलेंडरावर सासूबाईंच्या एकादश्या आणि चतुर्थ्या, कन्नड कॅलेंडरावर जाऊबाईंचा दुधाचा हिशेब. अर्धा लिटर, एक लिटर, 'आज नाही', अशा खुणा त्या चौकोनांत भरलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले की दुधाच्या आकड्याखाली आणखी एक आकडा असतो. कुठे 2, कुठे 3, रविवारी कधी 8. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अक्का, ते ह्यांचे जादा तास. दूधवाल्याचा हिशेब ठेवायचा आणि आपल्या माणसाचा नाही ठेवायचा?"

त्या आकड्यांची बेरीज आम्ही एका रविवारी केली. भावोजींचा खरा पगार इथे लिहीत नाही, हिशेबाला सोपा असा आकडा घेऊ. समजा पगार 15,600 रुपये आहे. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे 600 रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला तासाचे 75 रुपये होतात. रोज दोन तास जास्त थांबले की आठवड्याला 12 तास झाले. महिन्याला 48 तास धरू. कारखान्यात ओटी मिळत होती 'सिंगल रेट'ने, म्हणजे 48 तासांचे 3,600 रुपये. तेही पगारपत्रकात नाही, वेगळ्या पाकिटात, व्हाउचरवर सही घेऊन. कायद्याने त्या 48 तासांचा दर तासाला 150 रुपये, म्हणजे 7,200 रुपये व्हायला हवेत. महिन्याला 3,600 रुपयांचा फरक. वर्षाला 43,200. दोन मुलांच्या शाळेच्या फीची रक्कम कुठे जात होती, ते त्या दिवशी कागदावर दिसले.

जाऊबाईंनी एकच शब्द उच्चारला, "दुप्पट्टु?" आपला 'दुप्पट' तिच्या भाषेत 'दुप्पट्टु'. हाही शब्द दोन्ही घरचा. पण व्यवहारात तो दोन्ही घरांत क्वचितच येतो.

हा दुप्पट दर काही नवा नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात तो होता. त्या कायद्याच्या 51 व्या कलमात आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, 54 व्या कलमात दिवसाला नऊ तासांची. या दोन्हीपैकी कुठलीही मर्यादा ओलांडली की 59 व्या कलमानुसार नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट दराने मोबदला द्यायचा. नेहमीचे वेतन म्हणजे केवळ मूळ पगार नव्हे. मूळ पगारात भत्ते मिळवून दर काढायचा, फक्त बोनस त्यात धरायचा नाही, असे कलमातच लिहिले होते. तरीही मूळ पगार मुद्दाम लहान ठेवायचा, बाकी भत्त्यांत दाखवायचे आणि ओटी मूळ पगारावर काढायची, ही युक्ती अनेक ठिकाणी चालत आली. कागदावर 'डबल' दिसते, हातात मात्र सिंगलच्या आसपास येते.

मुले मला विचारतात, "मॅडम, दुप्पटच का? दीडपट का नाही?" मी त्यांना सांगते की जादा दर हा कामगारावर केलेला उपकार नाही, तो मालकाच्या हाताला लावलेला लगाम आहे. जादा तास स्वस्त असेल तर नवा माणूस कशाला घ्यायचा? आहेत त्यांनाच थांबवून घ्यायचे. तो तास महाग झाला की मालक दोनदा विचार करतो. थकलेल्या माणसाच्या हातून मशीनवर काय होऊ शकते, हे या भागात कुणाला समजावून सांगायला नको. बोट गमावलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुट्टी आपल्याला आज सूर्य उगवण्याइतकी साहजिक वाटते. पण ती आपोआप मिळाली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. ती मान्य व्हायला 10 जून 1890 उजाडावा लागला. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिला करारच कामाच्या तासांबद्दल होता. आपल्याकडे 1922 च्या कायद्यात आठवड्याचे तास साठ झाले, 1934 च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना चोपन्न आणि 1946 च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. अठ्ठेचाळीस तासांची ती दुरुस्ती त्यांच्याच खात्याच्या काळातली. भावोजींच्या चौकोनातल्या त्या '2' च्या मागे इतका मोठा इतिहास उभा आहे.

आणि मिळालेले टिकवायलाही लागते. 2020 च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दिवसांत, गुजरात सरकारने अधिसूचना काढली. दिवसाला बारा तास काम घ्यायला मुभा, आणि जादा तासांचा दर दुप्पट नव्हे, साधाच. बडोद्याच्या आपल्या मराठी मंडळींपैकी कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही ती लागू झाली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली आणि त्या काळात काम केलेल्यांना कायद्याप्रमाणे जादा मोबदला देण्याचा आदेश दिला. साथीमुळे आलेली आर्थिक अडचण म्हणजे कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, आणि त्या अडचणीचा भार कामगाराच्या अंगावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. आपल्या कर्नाटकातही मे 2020 मध्ये दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मुभा देणारी अधिसूचना निघाली होती. ती पुढच्याच महिन्यात मागे घेतली गेली. पुढे 2023 साली राज्याने कारखाने कायद्यात दुरुस्ती केली आणि तीन महिन्यांत घेता येणाऱ्या ओटीची मर्यादा 75 तासांवरून 144 तासांवर नेली. तास वाढले, पण दुप्पट दराला तिथेही हात लागला नाही.

आता कायद्याची पुस्तके बदलली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1948 चा कारखाने कायदा त्यांपैकी एकीत सामावला गेला. या बदलाबद्दल मतमतांतरे आहेत. पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो 'कारखाना' ठरत असे, आता त्याला वीस लागतात. वीज नसलेल्या ठिकाणी हा आकडा वीसवरून चाळीसवर गेला. म्हणजे लहान शेडमधल्या बऱ्याच कामगारांवरून 'कारखाना' ही छत्री बाजूला होते. ही काळजी रास्त आहे. पण ओटीपुरते बोलायचे तर काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत आणि त्या प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

पहिली, जादा कामाचा दर दुप्पट हे कायम आहे. दिवसाच्या हिशेबाने आणि आठवड्याच्या हिशेबाने, यांतला जो कामगाराला फायद्याचा असेल तो धरायचा. दुसरी, ओटी कामगाराच्या संमतीनेच घ्यायची. 'थांबलाच पाहिजेस' हे कायद्यात बसत नाही. तिसरी, वेतनाच्या संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. चार माणसांच्या शेडमध्येही ती लागू आहे आणि ज्यांचे किमान वेतन ठरलेले आहे त्यांना नेहमीच्या तासांपुढचा दर दुप्पट देणे तिच्यातही बंधनकारक आहे. चौथी, मालकाने पगाराची पावती दिली पाहिजे. पाचवी, पैसे मिळाले नाहीत म्हणून दावा केला तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि सहावी, असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो कामगाराने स्वतः करावा किंवा त्याच्या वतीने संघटनेने. त्याआधीच्या जुन्या थकबाकीला कुठली मुदत लागते, ते मात्र जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवावे.

हे सगळे मी एका रात्री जेवणानंतर भावोजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वहिनी, कायदा मला नवीन नाही. शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण विचारणार कोण? विचारला तर दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणणार, उद्यापासून ओटी नको तुला. आणि ओटी बंद झाली तर घर कसे चालवायचे?"

वाचकहो, खरी गाठ इथे आहे. मूळ पगारात महिना निभत नाही, म्हणून ओटी लागते. ओटी लागते, म्हणून ती देणाऱ्यासमोर मान वर होत नाही. ज्या जादा तासांची मजुरी कमी मिळते, त्या तासांचीच भीक मागितल्यासारखी स्थिती होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरातही दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे. हाताला काम आहे हे काय कमी आहे? मालकाशी वाकडे घेऊन कुणाचे भले झाले?" त्यांनी त्यांच्या तरुणपणी घरातला कमावता माणूस वर्षभर रिकामा बसलेला पाहिला आहे. त्यांच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. जाऊबाई मात्र कॅलेंडराकडे बोट दाखवून म्हणाली, "दूधवाल्याचे पाच रुपये चुकले तर आपण बोलतो की नाही? मग हे का नाही बोलायचे?"

नव्या संहितांची बातमी आली, त्यानंतरच्या महिन्यात भावोजी आणि त्यांच्या शिफ्टमधले आणखी सहा जण ऑफिसात गेले. एकटे जायचे नाही, आवाज चढवायचा नाही, अर्ज लेखी द्यायचा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायची, एवढे ठरले होते. अर्ज दोन भाषांत होता. मराठी मसुदा मी केला, कन्नड जाऊबाईंनी. सात जणांतल्या तिघांची घरची भाषा कन्नड होती आणि अर्जात काय आहे ते सही करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः वाचता आले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. तो मला फार योग्य वाटला.

कारखान्याचे नाव लिहिण्याची गरज नाही आणि मालकाला खलनायक करण्याचीही नाही. इथले लहान मशीन शॉप मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. जॉबचा दर वरून ठरून येतो, बिलाचे पैसे उशिरा येतात, ऑर्डर मात्र 'उद्याच पाहिजे' असते. त्या घाईचा बोजा खाली सरकत सरकत लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर येतो. मालकाची अडचण खरी आहे. फक्त तिची भरपाई सात घरांच्या फीमधून व्हावी, हे बरोबर नाही.

तीन आठवडे काहीच झाले नाही. ते दिवस घरात जड गेले. फोन वाजला की सासूबाई दचकत. मग महिनाअखेर सांगण्यात आले की पुढच्या महिन्यापासून ओटी दुप्पट दराने आणि पगारपत्रकात दाखवून मिळेल, पण तास कमी होतील. मागच्या पैशांबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या महिन्यात भावोजींना 24 तास ओटी मिळाली, आधीच्या निम्मी. वरचाच आकडा घेऊन हिशेब करून पाहा. 24 तासांचे 150 रुपयांप्रमाणे 3,600 रुपये. आधी 48 तास राबून मिळत होते तेही 3,600 च. पैसे तेवढेच आले आणि 24 तास घरी आले.

या 24 तासांचे मोल मी वर्गात सांगू शकले नसते, ते घरात पाहिले. धाकटा पुतण्या सहावीत आहे. त्याला अपूर्णांक वडिलांनी शिकवले, कारण लेथवर माप घेणाऱ्या माणसाला अपूर्णांक बोटांवर असतात. "अप्पांना मॅडमपेक्षा चांगले येते," असे तो मला तोंडावर म्हणाला. जाऊबाईंच्या कन्नड कॅलेंडरावरचे बरेच चौकोन आता नुसते दुधाचे राहिले आहेत.

सगळ्यांचे असे होत नाही, हेही लिहिले पाहिजे. त्या सातांपैकी एकाला ओटी कमी झाल्याची अडचण झाली. त्याच्यावर कर्ज आहे, त्याला तासही हवे होते आणि दरही. तो म्हणतो, "मला काय मिळाले?" त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ओटीचा दर बरोबर झाला म्हणून मूळ पगार पुरेसा होत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि तो अजून तसाच उभा आहे.

कारखान्यांबद्दलच बोलले तर आपल्याच घरांतल्या बऱ्याच मुली राहून जातील. सणाच्या दिवसांत खडे बाजार, गणपत गल्लीतल्या दुकानांत उभे राहून रात्री उशिरापर्यंत साड्या उलगडणाऱ्या मुली आपण पाहतो. त्यांनाही हा हक्क आहे. कर्नाटकाच्या 1961 च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यात जादा कामाचा दर दुप्पटच ठरवलेला आहे. वडगाव, शहापूर, खासबागच्या मागावर विणलेल्या कापडाप्रमाणे मजुरी मिळते. 'अंगावर काम' घेणाऱ्याला ओटी नसते, असा तिथे सर्रास समज आहे. कारखाने कायद्यात नगावर काम करणाऱ्यांची ओटी कशी काढायची, याचे वेगळे पोटकलमच होते. त्यामुळे नगावरचे काम म्हणजे तासांचा हिशेबच नाही, हे म्हणणे त्या कायद्यालाही मान्य नव्हते.

दोन भाषांच्या घरांना मला एक सांगावेसे वाटते. कामगार खात्याला कन्नडमध्ये 'कार्मिक इलाखे' म्हणतात. तिथल्या पाट्या आणि अर्ज कन्नडमध्ये असतात. वयस्क मराठी कामगार ते पाहून दारातूनच परततो. उलट कन्नड मुलगा मराठी बोलणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली काय सही करतो, हे त्याला कळत नाही. पण आपल्या कितीतरी घरांत दोन्ही लिप्या वाचणारे कुणीतरी असते. सून असेल, जावई असेल, शाळेत जाणारी नात असेल. भाषेवरून इथे बरेच वाद झाले. पगाराची पावती वाचायला मात्र दोन्ही भाषा एकत्र बसल्या तर कुणाचेच नुकसान नाही.

आणि नोंद ठेवा. आलो किती वाजता, निघालो किती वाजता, कोणी थांबायला सांगितले. वही असो, मोबाइल असो, दुधाचे कॅलेंडर असो. त्याच दिवशी, त्याच हाताने लिहिलेले. पाकिटावरचा आकडाही त्याखाली लिहावा. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याचे म्हणणे नुसते रडगाणे ठरते. ज्याच्याकडे नोंद आहे, त्याच्याशी बोलावे लागते.

आमच्या घरी एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मागच्या पैशांचे काय? सासूबाई म्हणतात, झाले ते गंगेला मिळाले. जाऊबाईंनी दोन जुनी कॅलेंडरे गुंडाळून कपाटात ठेवली आहेत आणि वकिलाला दाखवायचे म्हणते. भावोजी दोघींचे ऐकतात आणि काही बोलत नाहीत. त्यांना अजून बरीच वर्षे त्याच शॉपमध्ये उभे राहायचे आहे. मुदतीचा दिवस मात्र कुणासाठी थांबणार नाही. येत्या पंधरवड्यात त्यांना ठरवावे लागेल, आणि ते जे ठरवतील त्यावर पहिली सही त्यांचीच असेल.